चांदणीची लाथेची सूज: सध्याची स्थिती

महालक्ष्मीच्या तबेल्यात गेल्या आठवड्यात शेजारच्या घोड्याची लाथ चांदणी या घोडीच्या पुठ्ठ्यावर बसली. तासाभरात मोसंब्याएवढा फुगवटा. मऊ, दाबलं की आतलं पाणी हलल्यासारखं वाटायचं, पण चाल सरळ. इतक्या झपाट्याने आलेली मऊ सूज म्हणजे बहुधा आत साकळलेलं रक्त. डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं.

मोतद्दार काकांनी विचारलं, "ताई, चिरून मोकळं करू या का?" मी नको म्हटलं, आणि तुम्हीही नकोच म्हणा. फुटलेली रक्तवाहिनी बंद होण्याआधी चीर दिली तर रक्त पुन्हा वाहू लागतं. साकळलेल्या रक्तात जंतू भराभर वाढतात, नुसती सुई टोचूनही पू होऊ शकतो. त्यात हा मुंबईचा पावसाळा, ओल आणि माश्या!

पहिले दोन दिवस नळीने गार पाणी किंवा फडक्यात बर्फ, दर वेळी १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. सूज उतरवणारं औषध डॉक्टरांच्या मात्रेनेच. धनुर्वाताची लस चालू आहे ना, तेही पाहून घेतलं. ताप सकाळ-संध्याकाळ मोजतेय, ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस ठीक. त्यावर गेला, सूज गरम होऊन दुखू लागली, तर संसर्ग समजायचा.

मध्येच त्याच पायाच्या ढोपराजवळ सूज दिसली. बोट दाबलं की खड्डा राहतो, पण हाताला गरम लागत नाही, दुखत नाही. वरचं पाणी खाली उतरलंय एवढंच; दोरी धरून चालवलं की कमी होतं.

मला खरी धास्ती वाटते ती लहान जखमेची. मागच्या पायाच्या नडगीला आतल्या बाजूने मांस जवळजवळ नसतं, कातडीखाली थेट हाड. तिथे लाथ बसली तर सूज किरकोळ, पण हाडाला बारीक तडा असू शकतो, आणि तो पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. घोडा बसून उठताना तिथेच हाड पूर्ण मोडू शकतं. म्हणून चालतोय म्हणून फिरवू नका, डॉक्टर येईपर्यंत जागीच ठेवा. सांध्याजवळची टोचल्याएवढी जखमही तशीच: आत संसर्ग गेला तर काही तासांचा उशीरही महागात पडतो.

चांदणीचा फुगवटा आता आक्रसतोय, कडा घट्ट झाल्यात, मधला भाग अजून मऊ आहे. पाणी उरलंच तर पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी करून डॉक्टर ते निर्जंतुक पद्धतीने काढतील. तोवर खोगीर नाही, फक्त दोरी धरून चालवणं.