वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिपेअर’ दाबण्याआधी

कुलवृत्तांतातली माणसं संगणकावर चढवली की पहिल्याच तपासणीत चुकांची लांबलचक यादी येते. काही चुका फाइल बिघडल्यामुळे येतात, काही आपण चुकीचं भरल्यामुळे. उरलेल्या चुकाच नसतात, आपल्याकडच्या रीती सॉफ्टवेअरला ठाऊक नसतात एवढंच. हे तीन ढीग वेगळे केल्याशिवाय एकाही नोंदीला हात लावू नये. इथली उदाहरणं ग्रॅम्प्स या मोफत सॉफ्टवेअरची आहेत.

आधी ‘मेक बॅकअप’ करून फाइलच्या नावात तारीख घाला. मगच ‘चेक अँड रिपेअर डेटाबेस’ चालवा, कारण ते आधी दुरुस्ती करतं आणि काय केलं ते नंतर सांगतं. कुटुंबात मूल दिसतं पण मुलाच्या नोंदीत कुटुंब नाही, अशी तुटकी जोडणी त्यात सापडते. ‘व्हेरिफाय द डेटा’ मात्र फक्त इशारे देतं, बदलत काही नाही. तपासून नोंद बरोबरच ठरली, तर तिच्यावरच्या इशाऱ्यावर खूण करून तो लपवता येतो.

सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे दोन नोंदी एकत्र करणं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आपल्याकडे सर्रास. विष्णूचा मुलगा गणेश, गणेशचा मुलगा पुन्हा विष्णू. पहिल्या विष्णूच्या वडिलांचं नावही गणेश असेल, तर आजोबा आणि नातू दोघांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अक्षरशः एकच. सॉफ्टवेअर त्यांना एकच माणूस समजून सुचवतं, आपण होकार देतो, आणि विष्णू स्वतःचाच आजोबा होतो. असं झालं तर प्रोग्रॅम बंद करण्याआधी ‘अनडू’ करा. बंद केला की ती सोय जाते. पत्नीचं नाव आणि जन्माचा दशक जुळल्याशिवाय नोंदी एकत्र करू नका.

उलट, खरी दुबार नोंद सॉफ्टवेअरला सापडतच नाही. माहेरची यमुना लग्नानंतर लक्ष्मी झाली. आडनाव बदललं, मधलं नावही वडिलांऐवजी नवऱ्याचं आलं. माहेरच्या कुलवृत्तांतात ती नवऱ्याची वेगळी नोंद नसलेली मुलगी, सासरच्या कुलवृत्तांतात आईवडील नसलेली सून. अशा दोन याद्या काढून जावयाच्या आडनावावरून हाताने जुळवा. एकत्र करताना माहेरचं नाव ‘बर्थ नेम’ म्हणून मुख्य ठेवा आणि सासरचं ‘मॅरीड नेम’ म्हणून पर्यायी नावांत घाला.

मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल, तर एकच आजी-आजोबा तक्त्यात दोन ठिकाणी छापले जातात. ती चूक नाही. तिथे काही पुसू नका. दत्तक मुलाचे दोन्ही आईवडील नोंदवा; नातं एकीकडे ‘बर्थ’, दुसरीकडे ‘अडॉप्टेड’.

तारखांचा घोळ बहुतेक वेळा शकाचा असतो. इंग्रजी वर्ष काढायला गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. थोरली बहीण आषाढ शके १८४१ ची, म्हणजे १९१९ ची. धाकटा भाऊ माघ शके १८४२ चा, म्हणजे १९२१ चा. सरसकट ७८ मिळवले की भाऊ १९२० चा होतो आणि दोघांत जेमतेम सात महिने उरतात. पौष दोन इंग्रजी वर्षांत पडतो, त्याला पंचांगच हवं. पहाटे सूर्योदयापूर्वीचा जन्म पंचांगाने आदल्या दिवशी धरतात, दाखल्यावर पुढची तारीख असते; दोन्ही लिहून ठेवा. ग्रॅम्प्सच्या कॅलेंडरांत शक नाही, म्हणून मूळ तिथी टिपणीत जशीच्या तशी उतरवा. शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही तारीख अनेकदा मास्तरांनी अंदाजाने घातलेली असते. तिला ‘एस्टिमेटेड’ करा.

अक्षरांचंही पाहा. जेडकॉम फाइल (वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची फाइल) नेहमी यूटीएफ-८ या देवनागरी टिकवणाऱ्या अक्षरपद्धतीतच काढा. नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, तर त्या फाइलमधून काही परत मिळत नाही. मूळ प्रोग्रॅममधून पुन्हा निर्यात करावी लागते. जेडकॉमच्या ५.५.१ आवृत्तीत ओळ जास्तीत जास्त २५५ अक्षरांची. काही प्रोग्रॅम अक्षरांऐवजी बाइट मोजतात, आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. त्यामुळे लांब टीप मधेच तुटून चौकोन दिसतात. २०२१ च्या ७.० आवृत्तीत ही मर्यादाच नाही. ‘गोऱ्हे’सारख्या नावातला ‘ऱ्ह’चा आडवा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. दिसायला सारखा, शोधताना वेगळा. एक तऱ्हा ठरवून दुसरी ‘शोधा आणि बदला’ने काढा.

राहता राहिली गावं. मुंबईतल्या कोकणी घरांत कणकवली कधी जिल्हा रत्नागिरी, कधी सिंधुदुर्ग अशी दोनदा येते, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. पालघरचं तसंच, ठाण्यातून २०१४ मध्ये. गाव एकदाच नोंदवा आणि ‘एनक्लोज्ड बाय’मध्ये दोन्ही जिल्हे आपापल्या तारखांसह जोडा. वडील गिरणीत होते म्हणून मुलाचं जन्मगाव परळ लिहून टाकू नका. पहिलं बाळंतपण माहेरी होत असे. मुंबई महापालिकेत दाखला मिळाला नाही, तर आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यू नोंदवही पाहा.