जूनमधलं ओमान: ऊन आणि पाण्याच्या पाळ्या

मराठवाड्याचं ऊन कोरडं. सावलीत शिरलं की जीव भांड्यात पडतो. जूनमधल्या मस्कतला सावलीचा तेवढा आधार नाही. समुद्राची दमट हवा अंगाला चिकटूनच बसते, आणि रात्री अकरालाही एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. याच किनाऱ्यावरच्या कुरय्यात गावी २६ जून २०१८ रोजी पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नव्हता, अगदी रात्रीसुद्धा!

त्यामुळे इथला अख्खा दिवस उन्हाकडे बघून आखलेला. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम कायद्यानेच बंद. बांधकामांवरचे मजूर, त्यांत आपल्या देशातले कितीतरी, तेवढा वेळ सावलीला टेकतात. असा नियम विदर्भ-मराठवाड्यातही हवा, असं फार वाटलं. मस्कतच्या मत्राह भागातला बाजारही दुपारी निपचित असतो. संध्याकाळी दुकानं उघडतात, निखाऱ्यावर लोबान पडतो आणि गल्लीबोळ त्या वासाने भरून जातात.

पण मला ओमान खरं भेटलं ते निझवाला. मस्कतहून गाडीने दीडेक तास. वाटेत हजर पर्वताचे उघडेबोडके तपकिरी डोंगर, हिरवं पान नाही, आणि मग अचानक खजुरीच्या दाट बागा. एवढं पाणी येतं कुठून? डोंगराच्या पायथ्याशी खोलवर लागलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, निव्वळ उतारावर, गावापर्यंत आणलेलं. पंप नाही, मोटर नाही. याला इथे फलज म्हणतात. २००६ साली असे पाच फलज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. निझवाचा दारिस त्यातलाच.

दारिसच्या पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसलो. हातभर खोल, नितळ, वाहतं पाणी; तळाचा खडा न् खडा दिसतो. गावात शिरताना आधी पिण्याचं पाणी भरायची जागा, मग मशिदीत वजूसाठी, मग अंघोळ-धुणं, आणि शेवटी बागा. बागांच्या पाळ्या वेळेवर ठरलेल्या. घड्याळं नव्हती तेव्हा दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर पाळी मोजत. मी संभाजीनगरचा. मलिक अंबरची नहर आमच्याकडे सतराव्या शतकापासून आहे, तीही अशीच जमिनीखालून, उतारावर आलेली. तिची आजची आबाळ आठवून तिथे बसल्या बसल्या जीव हळहळला. इथे अजून पाळीचा हिशेब ठेवणारा माणूस आहे, गाळ काढणारे हात आहेत.

निझवाच्या बाजारात खजुराच्या दुकानदाराने स्वच्छ हिंदीत हाक मारली, "आओ भाई, पहले खजूर, फिर काहवा." खलास जातीचा मऊ, मधाळ खजूर, वर वेलदोड्याची बिनसाखरेची कॉफी, बिनकानाच्या इवल्या कपात. कप रिकामा दिसला की तो पुन्हा भरणार. पुरे झालं की कप हातात जरासा हलवून परत द्यायचा, म्हणजे तो थांबतो. कपाला हात उजवाच लावायचा, एवढं ध्यानात ठेवावं.

उन्हाळ्यात जाणार असाल तर निझवाला शुक्रवार साधा आणि भल्या पहाटे पोचा. किल्ल्याशेजारी बकऱ्यांचा बाजार भरतो. विकणारे जनावराला दोरीने धरून गोल फिरवतात, भाव पुकारतात; कडेला बसलेले गिऱ्हाईक हात दाखवून थांबवतात, दात बघतात, पाठ चाचपतात. ऊन चढायच्या आत सगळा सौदा उरकलेला असतो.