आमची वाटचाल : आधी दार, मग मॅग्नेट्रॉन

चिपळूणच्या बाजारपेठेतील आमचे दुकान मूळचे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे. वडिलांनी ते सुरू केले, पुढे दूरचित्रवाणी संच घरोघरी आल्यावर तेच आमचे मुख्य काम झाले आणि जाड काचेच्या पिक्चर ट्यूबचे संच जाऊन भिंतीवरचे सपाट पडदे आले तेव्हा ते कामही ओसरले, कारण पॅनेल गेलेला संच दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणे गिऱ्हाइकाला परवडू लागले. त्याच सुमारास मुंबईत नवा मायक्रोवेव्ह घेणारे चाकरमानी जुना मायक्रोवेव्ह गावच्या घरी पाठवू लागले. आधीच काही वर्षे वापरलेला, त्यात टेम्पोच्या टपावरून घाट उतरलेला हा ओव्हन गणपतीत किंवा मे महिन्यात सुरू केला की काही ना काही कुरकुर करीत असे आणि आमच्याकडे येत असे. आज आमच्या दुकानातील मोठा भाग याच कामाचा आहे.

टीव्हीच्या बाकावर हात बसलेला असल्यामुळे हे काम सोपे जाईल, असा समज आमच्या ओळखीतील अनेकांचा होता. तो निम्माच खरा होता. पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागत, परंतु त्यामागचा प्रवाह अगदी क्षीण असे, त्यामुळे झटका बसला तरी माणूस शिव्या देत बाजूला होत असे. मायक्रोवेव्हमध्ये ट्रान्सफॉर्मर सुमारे दोन हजार व्होल्ट देतो, कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) आणि डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मिळून ते चार हजारांच्या आसपास नेतात आणि त्या दाबाखाली मॅग्नेट्रॉनला, म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी निर्माण करणाऱ्या भागाला, शेकडो मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. येथे चूक झाली तर बाजूला होण्याची संधी मिळेलच असे नाही. म्हणून आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाला सुरुवातीचे काही आठवडे फक्त एकच काम दिले जाते : प्लग काढणे, पत्रा उघडणे आणि इन्सुलेटेड दांड्याच्या पेचकसाने कपॅसिटरची दोन्ही टोके एकमेकांना व बॉडीला टेकवून तो रिकामा करणे. कपॅसिटरच्या आत तो आपोआप रिकामा व्हावा म्हणून एक रेझिस्टर बसवलेला असतो हे खरे, पण तो रेझिस्टर तुटलेला कपॅसिटर बाहेरून अगदी चांगल्यासारखाच दिसतो. घरच्या घरी पत्रा उघडून पाहण्याचा उत्साह असणाऱ्या ग्राहकांना आम्ही हे समजावून सांगतो आणि त्यापुढे काही सांगत नाही.

व्यवसायाला खरी दिशा मिळाली ती एका साध्या निर्णयामुळे. ‘गरम होत नाही’ असे ग्राहकाने म्हटले की मॅग्नेट्रॉन बदलून द्यायचा, हा सर्रास रिवाज होता. त्यात भागाची किंमत मोठी, मजुरी मोठी आणि ओव्हन बहुतेक वेळा सुरूही होत असे, कारण आधीच सैल झालेले जोड मॅग्नेट्रॉन बदलताना आपोआप नीट बसत. आम्ही तपासणीचे शुल्क वेगळे आकारायचे आणि दोष कागदावर लिहून द्यायचा, असे ठरवले. दुरुस्ती करायची की नाही हे ग्राहकाने ठरवावे आणि बदललेला जुना भाग त्याच्या हातात द्यावा. सुरुवातीला लोक बिचकले. ‘अहो भाऊ, नुसतं बघायचे पैसे?’ हा प्रश्न काउंटरवर रोज येत असे. परंतु दोनशे-तीनशे रुपयांच्या स्विचवर काम भागले आणि जुना स्विच हातात मिळाला की तीच व्यक्ती शेजारणीचा ओव्हन घेऊन येई. जाहिरातीवर आम्ही आजवर जवळजवळ काहीच खर्च केलेला नाही.

या तपासणीत आम्हाला पहिल्यापासून दिसले ते असे की, निम्मी दुखणी दारापाशी असतात. मायक्रोवेव्हच्या दाराला दोन हूक असतात आणि ते आतील पेटीत जाऊन सहसा तीन छोटे स्विच ठरावीक क्रमाने दाबतात. त्यांपैकी दोन वीज पुढे जाऊ देतात. तिसऱ्याचे काम उलट असते : पहिले दोन नीट उघडले नाहीत आणि दार मात्र उघडले, तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो, म्हणजे दार उघडे असताना लहरी सुरू राहण्याचा प्रश्नच उरत नाही. ‘दार उघडलं की सगळंच बंद पडतं, नवा फ्यूज घातला की पुन्हा तेच,’ अशी तक्रार आली की आमचा कारागीर फ्यूजकडे पाहतसुद्धा नाही. तो मल्टिमीटरची टोके स्विचला लावून दार हळूहळू मिटतो, कोणता स्विच केव्हा लागतो आणि केव्हा सुटतो ते काट्यावर पाहतो. यासाठी आम्ही डिजिटल मीटर असूनही जुना काट्याचा मीटर जपून ठेवला आहे, कारण जळालेल्या स्विचची थरथर काट्यावर लगेच कळते. बरेचदा स्विच ठीक असतो, पण हुकाची स्प्रिंग ढिली झालेली असते किंवा प्लास्टिकचा हूक अर्धा मिलिमीटर झिजलेला असतो आणि त्यामुळे क्रम चुकतो. दार धाडकन आपटण्याची सवय असलेल्या घरांतून असे ओव्हन पुन्हा पुन्हा येतात.

याच फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधलेले ओव्हनही आम्ही पाहिले आहेत. मेन स्विचमध्ये तार बांधण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय तेथपर्यंत पोहोचते. अशा ओव्हनची संपूर्ण तपासणी करू दिली तरच आम्ही तो हाती घेतो. नुसती तार काढून फ्यूज बसवून द्या, असे म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार देतो.

दिवा लागतो, पंखा फिरतो, थाळी फिरते, पण दूध थंडच, ही दुसरी नेहमीची तक्रार. येथे आम्ही पत्रा उघडण्याआधी आवाज ऐकतो. चांगल्या ओव्हनमध्ये सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी, म्हणजे मॅग्नेट्रॉनची फिलामेंट तापल्यावर, आवाज थोडा भारदस्त होतो. आवाजात काहीच बदल झाला नाही, तर उच्च दाबाच्या भागाकडे वीज पोहोचतच नसण्याची शक्यता असते आणि शोध रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), थर्मल कटआउट (जास्त तापल्यास वीज तोडणारा भाग) व पुन्हा दाराचे स्विच यांच्याकडे वळतो. सुरू करताच जड घरघर आली, तर डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट आहे, असा संशय घ्यावा. वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला की उरलेला गोंधळ संपतो : दिवा, पंखा आणि थाळीची मोटर मिळून अर्ध्या अँपिअरच्या आत घेतात, तर खरोखर गरम करणारा साधा ओव्हन पाच-सहा अँपिअर घेतो. डायोडबाबत नव्या कारागिरांची हमखास फसगत होते. हा डायोड म्हणजे एकामागे एक जोडलेल्या अनेक डायोडांची साखळी असल्यामुळे साध्या मल्टिमीटरच्या दीड-दोन व्होल्टला तो दोन्ही बाजूंनी बंदच दिसतो आणि चांगला डायोड कचऱ्यात जातो. नऊ व्होल्टची बॅटरी मालिकेत घेऊन तपासला की एका दिशेने वीज जाते आणि दुसऱ्या दिशेने जात नाही. मॅग्नेट्रॉनचा क्रम यानंतर. त्याच्या दोन टोकांमध्ये एक ओहमपेक्षाही कमी रोध हवा आणि कोणत्याही टोकापासून बॉडीपर्यंत अजिबात संपर्क नको. याशिवाय त्याचे गोल चुंबक तडकले आहे का आणि वरची टोपी वितळली आहे का, हे डोळ्यांनीच दिसते.

सगळे भाग चांगले असूनही ओव्हन ‘कमी तापतो’ असे म्हणणारे ग्राहक येतात आणि त्यांचे म्हणणे खरेही असते. वाड्यावस्त्यांवर संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की दाब 230 व्होल्टवरून 180-190 पर्यंत उतरतो आणि मायक्रोवेव्हची ताकद त्याहून अधिक प्रमाणात उतरते. त्यांच्यासमोर आम्ही पाण्याची चाचणी करतो. काचेच्या भांड्यात एक लिटर पाणी घ्यायचे, तापमान मोजायचे, पूर्ण ताकदीवर एक मिनिट चालवायचे, ढवळून पुन्हा मोजायचे. वाढलेल्या अंशांना सत्तरने गुणले की साधारण तेवढ्या वॉटची ताकद पाण्यापर्यंत पोहोचली, असे धरावे. दहा अंश वाढले तर सुमारे सातशे वॉट. दुकानात दहा अंश आणि घरी सहाच अंश वाढत असतील, तर दुखणे ओव्हनचे नाही, वीजजोडणीचे आहे. मग आम्ही ओव्हन परत देतो आणि वायरमनला बोलवायला सांगतो. साध्या पाच अँपिअरच्या सॉकेटवर, तेही एक्स्टेंशन बोर्डावरून, कन्व्हेक्शन ओव्हन चालवणाऱ्यांची पिनच काळी पडलेली असते. तेथे तर मीटर लावण्याचीही गरज नसते.

ठिणग्यांना लोक सर्वांत जास्त घाबरतात, परंतु त्या आमच्या दृष्टीने बहुधा स्वस्त दुखणे. आतील उजव्या भिंतीवर पातळ पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा तुकडा असतो, त्याला सगळे मिका शीटच म्हणतात. त्यामागून लहरी आत येतात. त्याच्यावर फोडणीचे तेल, तूप, रस्सा उडत राहिला की तो डाग तापतो, जळून कोळसा होतो आणि कोळशातून वीज खेळू लागते. तुकडा कात्रीने मापात कापून बदलता येतो. मात्र तो बदलला नाही, तर ठिणग्या आतील रंग जाळतात, पत्रा उघडा पडतो आणि मग कोकणातील खाऱ्या दमट हवेत गंज लागायला एक पावसाळा पुरतो. काही जण मिका हा पॅकिंगचा पुठ्ठा समजून काढूनच टाकतात. पापडाबद्दलही आम्हाला सांगितलेच पाहिजे, कारण त्यावरून काउंटरवर वाद होतात. एकच पापड ठेवून ओव्हन चालवणे म्हणजे जवळजवळ रिकामा चालवणेच होय. शोषायला आत काही नसल्यामुळे लहरींचा मोठा भाग मॅग्नेट्रॉनकडे परततो आणि तो तापतो. पापड भाजू नये असे आम्ही म्हणत नाही, पण तीस पापड एकामागून एक भाजायचे असतील तर गॅस बरा.

पावसाळ्यातील कामाचे स्वरूप वेगळे असते. टच पॅडचे एखादे बटण लागत नाही किंवा न दाबता लागते, कारण आतील पातळ पट्टीच्या टोकांवर ओल धरलेली असते. बंद घरांतील ओव्हनमध्ये डिस्प्लेच्या पाठीमागे मुंग्यांची वसाहत, झुरळे आणि कधी रिलेवर चिकटून मेलेली पाल सापडते. म्हणून गणपती संपवून परत जाणाऱ्यांना आम्ही प्लग काढून ठेवायला, दार पूर्ण कोरडे पुसून मिटायला आणि पाठीमागच्या जाळीवर काही झाकायचे असल्यास ते पुढच्या वेळी आठवणीने काढायला सांगतो. ते कापड तसेच ठेवून ओव्हन सुरू केल्यामुळे थर्मल कटआउट पडलेले ओव्हन दरवर्षी येतात.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली तेव्हा आमचे दुकानही त्यात होते. त्याविषयी येथे एवढेच लिहितो की, त्यानंतरच्या महिन्यांत चिखलाने भरलेले ओव्हन रांगेने आले आणि कोणते वाचवायचे याचे निकष आम्हाला ठरवावे लागले. साध्या ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर धुऊन, उन्हात आणि नंतर दिव्याच्या उबेत वाळवून मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरवर, पुरेसा रोध दाखवत असेल, तर आम्ही तो वापरला. कंट्रोल बोर्ड सरसकट बाद केले. कन्व्हेक्शन ओव्हनच्या दोन पत्र्यांमधील काचलोकर चिखल पिऊन बसली होती, ती कधीच पुरती वाळत नाही, म्हणून ते ओव्हन आम्ही तपासणी शुल्क न घेता परत केले.

पूर्वी सुटे भाग आणायला मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जावे लागे. कोकण रेल्वेने रात्री निघून दुसऱ्या दिवशी पिशवीभर मॅग्नेट्रॉन आणि मोटरी घेऊन परतायचे. आता बरेचसे भाग कुरिअरने येतात, पण मॅग्नेट्रॉन आम्ही अजूनही शक्यतो पाहून घेतो. त्याला थंड ठेवणाऱ्या पत्र्याच्या पंखांची दिशा, कनेक्टरची बाजू आणि स्क्रूची भोके जुळली पाहिजेत आणि टोपीभोवतीची तारेची जाळीदार कडी शाबूत असली पाहिजे, कारण ती दबलेली असेल तर तेथेच ठिणग्या पडतात व लहरींची गळतीही होते. अलीकडे इन्व्हर्टर जातीचे ओव्हन वाढले आहेत. त्यांत जड ट्रान्सफॉर्मरऐवजी एक बोर्ड असतो आणि तो गेला की बहुतेक वेळा संपूर्ण बदलावा लागतो. त्याचा भाव ऐकून ग्राहक नवा ओव्हन घेण्याचा विचार करतो आणि आम्ही त्याला अडवत नाही.

दुरुस्त झालेला प्रत्येक ओव्हन आत पाण्याचे भांडे ठेवून गळतीमापकावर तपासला जातो. दारापासून पाच सेंटिमीटर अंतरावर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॉट ही मर्यादा आहे. चांगल्या दाराचा आकडा त्याच्या कितीतरी खाली राहतो आणि तो आम्ही पावतीवर लिहितो. दाराचा पत्रा वाकलेला, बिजागरी निखळलेली किंवा काचेमागची जाळी फाटलेली असेल, तर कंपनीचे मूळ दार मिळाल्याशिवाय आम्ही काम घेत नाही. सध्या असे दोन ओव्हन फळीवर दारांची वाट पाहत आहेत आणि त्यांच्या मालकांचे फोन रोज येत आहेत.