कामगार सारखे, मते निराळी

कामगार वस्ती म्हणजे डाव्या पक्षाचे हक्काचे मतदान, हे समीकरण इतक्या सहजपणे मांडले जाते की ते तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. ब्रिटनच्या जुन्या औद्योगिक शहरांचा इतिहास वाचताना मला ते वारंवार अपुरे पडताना दिसते.

लँकेशायरमधील ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचे शहर. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मतदान उघडपणे होत असे आणि कोणी कोणाला मत दिले, याच्या याद्या छापल्या जात. १८६८ च्या निवडणुकीच्या नोंदींवरून इतिहासकारांना असे आढळले, की गिरणीमालक ज्या पक्षाचा, त्याच पक्षाकडे गिरणीभोवतालच्या गल्ल्यांचा कल होता. नोकरी जाण्याची भीती त्यामागे असणारच. पण सारे काही केवळ धाकाने घडले असे म्हणणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे. काम, शेजार, प्रार्थनामंदिर आणि मुलांची शाळा हे सगळे एकाच गिरणीभोवती गुंफलेले असताना ‘आपली गिरणी’ ही भावना खरीच असते.

साउथ वेल्सच्या कोळसा खोऱ्यांत याच्या उलट घडले. तेथे वाचनालये आणि सभागृहे खाणकामगारांनी स्वतःच्या पगारातून वर्गणी देऊन चालवली. ट्रेडेगरमध्ये तर औषधोपचाराची सोयही अशाच वर्गणीतून होत असे. त्याच गावचे अन्यूरिन बेव्हन यांनी आरोग्यमंत्री म्हणून १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, हा योगायोग नव्हे. ऱ्होंडा खोऱ्यातील मार्डी गावाला ‘लिटल मॉस्को’ म्हणत. १९४५ मध्ये देशभर लेबर या डाव्या विचाराच्या मजूर पक्षाची लाट असताना ऱ्होंडा ईस्टमध्ये कम्युनिस्ट उमेदवार हॅरी पॉलिट अवघ्या ९७२ मतांनी पराभूत झाले.

लिव्हरपूलचे गणित आणखी वेगळे. गोदीतले काम रोजंदारीचे, त्यामुळे संघटना दीर्घकाळ दुबळी. आणि प्रोटेस्टंट-कॅथलिक दुफळी मात्र घराघरात. शहराच्या एका मतदारसंघातून आयरिश कॅथलिकांच्या मतांवर आयरिश राष्ट्रवादी टी. पी. ओ’कॉनर १८८५ पासून १९२९ पर्यंत निवडून येत राहिले, तर लेबरला नगर परिषदेची सत्ता मिळायला १९५५ उजाडले.

म्हणून माझे म्हणणे असे, की मताला आकार देते ते काम एकटे नव्हे, तर त्या कामाभोवती कोणी कोणत्या संस्था उभ्या केल्या ती गोष्ट. पूर्वी लँकेशायरमध्ये असलेला ली हा खाणपट्ट्यातला मतदारसंघ १९२२ पासून लेबरकडे होता. २०१९ मध्ये तो उजव्या विचाराच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे गेला, तेव्हा मतदार अचानक उलटल्याचे बोलले गेले. तेथील खाणी त्याच्या पाव शतकाहून अधिक काळ आधीच बंद पडल्या होत्या. तरीही मत इतकी वर्षे टिकले, ते खाणीतल्या संघटनेत घडलेली माणसे हयात होती म्हणून, असे मला वाटते. त्यांच्या मुलांना तशी संघटना लाभलीच नाही.