वेचणीच्या दिवसांतली सभा

आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि सेवाज्येष्ठ म्हणून प्रभार माझ्या गळ्यात पडला. अमळनेर तालुक्यातली चौथीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा, पट 47, शिक्षक दोन. कपाटाच्या चाव्या, शिक्के, पोषण आहाराच्या नोंदवह्या आणि शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त रजिस्टर ताब्यात घेतलं.

रजिस्टर चाळलं. दर महिन्याला सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’. सह्या-अंगठे सगळ्यांचे. ते कसे जमतात हे मला ठाऊक होतं. चौथीच्या पोरांच्या हाती रजिस्टर देऊन घरोघर मीच पाठवलंय की! शिक्षण हक्क कायदा 2009 सांगतो, समितीत 75 टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. कागदावर होत्याच.

‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचं अनुदान आमच्या पटाला वर्षाला 25,000. मी मनात ठरवूनच टाकलं होतं, बोलक्या भिंती करायच्या, म्हणजे भिंतींवर अक्षरं, अंक, चित्रं रंगवायची. रंगाऱ्याचं कोटेशनही आणलं. मग सभा लावली, सकाळी अकराला. आले दोघे. अध्यक्ष, आणि एक बाबा, तेही नातीच्या दाखल्याचं विचारायला.

दुसऱ्या दिवशी वेचणीला निघालेल्या एका आईला हटकलं. ती म्हणाली, “गुरुजी, वेचणीना दिवसमा आकरा वाजता कोन ई?” खरंच होतं. कापूस किलोवर वेचतात, सभेला बसलं की मजुरी बुडते.

पुढची सभा रात्री आठला, शाळेच्या ओट्यावर. सात बाया आल्या. पाणी पिऊन झालं, मी भिंतींचा विषय काढला. थोडा वेळ कोणी बोलेना. मग मागून आवाज आला, “भिती रंगाडीसन काय करश्यात? पोरीस्ना संडासले पानी नही, कडी नही.” दुपारच्या सुट्टीत घरी गेलेल्या मुली परत का येत नाहीत, हे हजेरीपटावर रोज लिहूनही मला कळलं नव्हतं. टाकी, नळजोडणी, दोन दारांना आतून कड्या, असा ठराव झाला.

सकाळी मॅडम, म्हणजे शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, फणकारल्या. त्या साडेपाचच्या एसटीने जातात. “रात्री तुम्ही ठरवणार आणि मी सकाळी वाचायचं?” बायांना बोलावताना मी सहकाऱ्यालाच वगळलं होतं, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता सभा बाजाराच्या दिवशी, शाळा भरण्याआधी. त्या दिवशी वेचणी बंद असते आणि मॅडम आधीची गाडी धरतात. कुरकुरत का होईना.

इतिवृत्तात मी या वेळी कोण काय म्हणालं तेही लिहिलं. माझा रंगाचा प्रस्ताव नामंजूर झाला, हेसुद्धा. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख म्हणाले, “सर, एकमताने लिहून टाका ना.” मी नाही बदललं.

रंगारी मात्र दर बाजाराला भेटतो आणि विचारतो, “गुरुजी, काम कधी सुरू करू?”