तुम्ही विचारलंत म्हणून: ती माणसं भाड्याची होती का?

दर दोन वर्षांनी सांगलीला गेले की मामेभाऊ चहाचा कप पुढे सरकवत हटकून विचारतो, "काय गं, तुमच्याकडच्या त्या टी पार्टीवाल्यांना माणशी किती मिळायचे?" त्याच्या डोळ्यांपुढे आपल्याकडची सभा असते. ट्रॉलीतून आणलेली माणसं, गळ्यात उपरणं, हातात वडापाव आणि उतरताना पाकीट. टी पार्टी म्हणजे २००९ मध्ये सरकारी खर्च आणि करांविरुद्ध उठलेली अमेरिकेतली उजवी चळवळ. हे नाव आता तिथेही फारसं कुणी घेत नाही. पण मी व्हर्जिनियात रिचमंडजवळ राहते हे कळलं की इतरही विचारतात, कारण या चळवळीने आपली सगळ्यात मोठी शिकार २०१४ साली आमच्याच मतदारसंघात केली. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

माणसं भाड्याची नव्हती. पैसा मात्र होता, आणि भरपूर होता. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात हे मामेभावाच्या गळी काही उतरत नाही.

राग कशाचा होता ते आधी सांगते. बँका बुडायला लागल्या तेव्हा बुश यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये ७०० अब्ज डॉलरची सोय केली. ओबामा आले आणि १७ फेब्रुवारी २००९ ला मंदी हटवायच्या आणखी ७८७ अब्जांच्या कायद्यावर त्यांची सही झाली. त्यापाठोपाठ घरकर्जाचे हप्ते थकलेल्यांना हात देण्याची योजना आली. १९ फेब्रुवारीला सीएनबीसी वाहिनीचा रिक सँटेली शिकागोच्या सौदेबाजारातून थेट प्रक्षेपणात भडकला. शेजाऱ्याने जादा बाथरूमचं घर घेतलं, आता त्याला हप्ते झेपत नाहीत, ते तुम्ही भरणार का? मागचे दलाल ओरडले, नाही! मग तो म्हणाला, जुलैत शिकागोत टी पार्टी करू या.

हे नाव १७७३ च्या डिसेंबरातलं. कराच्या निषेधात बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या गेल्या. चहा आपल्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला होता. तिकडे कंपनीचा चहा बुडत होता आणि इकडे कंपनीला आत शिरायची फट पडत होती. असो, मी वाहवत चालले.

सँटेलीचं बोलणं ऐकून मला हसू आलं नाही. त्याच महिन्यात आमच्या मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये, पावभाजीच्या ताटांवर, मी नेमकं हेच ऐकलं होतं. "आपण मेलो राबून, वेळेवर हप्ते भरून, आणि ज्यांनी ऐपतीबाहेर घर घेतलं त्यांना माफी?" बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांना ओबामा आवडत होते. हा राग पक्षाचा नव्हताच मुळी, हप्ता भरणाऱ्याचा होता. आपल्याकडे कर्जमाफी झाली की वेळेवर कर्ज फेडणारा शेतकरी जे बोलतो, तेच.

१५ एप्रिल म्हणजे कर विवरण भरायची शेवटची तारीख. मी हिशेबाचं काम करते, त्यामुळे त्या दिवशी मान वर करायची सवड नसते. तरी २००९ च्या त्या संध्याकाळी ऑफिसातून निघताना कानावा प्लाझाला वळसा घालून गेले. समोर फेडरल रिझर्व्ह बँकेचा उंच मनोरा आणि खाली हजारोंची गर्दी. घडीच्या खुर्च्या घेऊन आलेले आजी-आजोबा, पिवळे झेंडे, झेंड्यावर वेटोळं घातलेला खुळखुळ्या साप आणि त्याखाली 'मला तुडवू नका'. फलक बहुतेक हाताने लिहिलेले, शेवटचं अक्षर जागा न पुरल्याने दाटीवाटीने कोंबलेलं. भाड्याच्या सभेत फलक छापील असतात, आणि सगळ्यांचे एकसारखे.

पैसा कुठे होता? फ्रीडमवर्क्स, अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी या संस्थांकडे. दुसरीमागे कोक बंधूंची तेलातली संपत्ती. बसगाड्या, प्रशिक्षणं, ईमेल याद्या तिथून आल्या, आणि फॉक्स न्यूजने तर सभांची आमंत्रणं दिल्यासारखी प्रसिद्धी केली. चूल लोकांनी पेटवली, फुंकणी मोठ्यांनी घातली. पण ओल्या लाकडाला कितीही फुंका, जाळ होत नाही.

रिचमंडच्या टी पार्टीचा एक किस्सा माझ्यातल्या हिशेबनिसाला फार आवडतो. २०११ च्या शरदात ऑक्युपायवाल्यांनी, म्हणजे बँका आणि धनदांडग्यांविरुद्ध उठलेल्या डाव्या आंदोलकांनी, त्याच कानावा प्लाझात फुकट तंबू ठोकले. टी पार्टीने लगेच शहराला पत्र धाडलं: आम्ही याच जागेसाठी परवानगी, विमा, फिरती शौचालयं, सगळ्याचे पैसे मोजलेत, ते परत करा. त्यांच्याकडे पावत्या होत्या! नंतर शहराने उलट त्यांच्याच करांच्या तपासणीचं पत्र पाठवलं. क्रांती करायला निघालेली आणि शौचालयांच्या पावत्या फाइलला लावणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

त्यांना जवळून पाहिलं ते २०१४ च्या सुरुवातीला. शेजारच्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि आजींना रात्री गाडी चालवायची भीती. "मीटिंगला सोडशील का?" म्हणाले. सोडायला गेले आणि बसूनच राहिले. बार्बेक्यूच्या हॉटेलातली मागची खोली, तीस-पस्तीस माणसं, बहुतेक निवृत्त, मी सोडून सगळी गोरी. टेबलावर ब्राउनी. कित्येकांच्या खिशात राज्यघटनेची पुस्तिका, आपल्याकडे मनाच्या श्लोकांची असते तेवढी. आधी प्रार्थना, मग झेंड्याला वंदन.

मला वाटलं, आता भाषणं ठोकतील. कसलं काय! तासभर शिकवणी झाली. काउंटीतल्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागातल्या, रिपब्लिकन पक्षाच्या सभेला प्रतिनिधी कसं व्हायचं, अर्ज कधीपर्यंत द्यायचा, ओळखपत्र आणायला विसरायचं नाही आणि मोजणी संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. मला आमच्या कोथरूडच्या सोसायटीची एजीएम आठवली. दीडशे सभासद, हजर अकरा, आणि पार्किंगचे नियम त्या अकरांनी ठरवलेले. टी पार्टीने हे हेरलं होतं की अमेरिकेचा अख्खा पक्ष अशाच रिकाम्या खुर्च्यांवर चालतो.

त्या रात्री एका बाईंनी प्रेमाने विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, ग्लेन ॲलनची. "तसं नाही, मूळच्या?" पुढे गाडी स्थलांतरितांवर घसरली आणि कुणीतरी माझ्याकडे पाहून म्हणालं, तुमच्यासारख्या सरळ मार्गाने आलेल्यांबद्दल नाही हं. आजोबांचे कान लाल झाले. २००९ मध्ये कर्ज आणि कर हे शब्द होते, २०१४ पर्यंत त्यांची जागा सीमेने घेतली होती. ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत म्हणत त्यांचा जन्मदाखला मागणारे तर पहिल्यापासूनच त्यांच्यात होते आणि त्यांना कुणी बाहेर काढलं नाही. याच लाटेने २०१० मध्ये निकी हेली या पंजाबी घरातल्या बाईला साउथ कॅरोलायनाची गव्हर्नर केलं, हेही खरं. पण मला स्वतःला त्या खोलीत परत जावंसं वाटलं नाही.

परतताना मी विचारलंच, "सरकारी खर्च नको म्हणता, मग डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे?" मेडिकेअरने, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याने, दिले होते. "त्याचे पैसे मी चाळीस वर्षं भरलेत," ते शांतपणे म्हणाले. भरतात त्यापेक्षा बहुतेकांना जास्त मिळतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण पट्टी बांधलेल्या डोळ्याशी काय वाद घालायचा? एक मात्र कळलं, त्यांचं भांडण खर्चाशी नव्हतंच. कष्टाचं कुणाचं आणि फुकटचं कुणाचं, एवढाच प्रश्न होता, आणि निवाडा त्यांनी मनात केव्हाच केलेला होता.

आमचे खासदार होते रिपब्लिकन एरिक कँटर. प्रतिनिधीगृहातले बहुमतवाल्यांचे नेते, उद्याचे सभापती. २०१० मध्ये रिपब्लिकनांच्या ६३ जागा वाढल्या त्या याच लाटेवर, आणि कँटर यांना ते पद मिळालं तेही त्यामुळेच. (मामेभाऊ इथे म्हणतो, "भस्मासुर म्हण की.") २०१४ च्या मे महिन्यात मतदारसंघातल्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांच्या माणसाचं अध्यक्षपद गेलं, आणि खुद्द कँटर यांची हुर्यो उडवली गेली. त्या रिकाम्या खुर्च्या भरल्या होत्या. १० जूनच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, समोर डेव्ह ब्रॅट, एका छोट्या कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. कँटर यांच्या स्वतःच्या पाहणीत ते ३४ टक्क्यांनी पुढे होते. पाच दशलक्ष डॉलरहून जास्त खर्च झाला होता. त्यातले सुमारे १ लाख ६८ हजार नुसते स्टेकहाउसांत, आणि ब्रॅट यांचा तोवरचा अख्खा खर्च सव्वा लाखाच्याही आत.

ब्रॅट अकरा टक्क्यांनी जिंकले. मतदान झालं जेमतेम ६५ हजार. दोनच वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत याच मतदारसंघात एकट्या कँटर यांना दोन लाखांवर मतं होती. जूनमधला मंगळवार, सुट्टी नाही, शाळा संपत आलेल्या. कोण जातं? व्हर्जिनियात मतदाराची पक्षवार नोंदणी नसते, त्यामुळे मलाही जाता आलं असतं. मी गेले नाही. आजोबा सकाळी सहाला केंद्र उघडताना दारात उभे होते. दुसऱ्या दिवशी मी बाहेर आले तर ते नेहमीसारखं गवत कापत होते. मशीन बंद न करताच त्यांनी हात वर केला.

पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये रिपब्लिकन सभापती बेनर आपल्याच पक्षातल्या या गटाला कंटाळून पायउतार झाले. ट्रम्प आले आणि कर्जाची, तुटीची भाषा विरली. डिसेंबर २०१७ मध्ये तूट वाढवणारी करकपात झाली तेव्हा आमच्या गल्लीत एकही पिवळा झेंडा बाहेर आला नाही. आजोबा तोवर मुलीकडे राहायला गेले होते. विचारायचं राहून गेलं.

२०१७ च्या सुरुवातीला ब्रॅट यांनी जाहीर तक्रार केली, की जिथे जावं तिथे बायका मला धारेवर धरतात. त्या बायका आमच्याच भागातल्या होत्या. अमेरिकी संसदेच्या माजी कर्मचाऱ्यांनी टी पार्टीच्या पद्धती अभ्यासून लिहिलेली एक मार्गदर्शिका त्यांच्या हातात होती. २०१८ मध्ये डेमोक्रॅट ॲबिगेल स्पॅनबर्गर यांनी ब्रॅट यांना पाडलं. त्याआधी एकदा मैत्रीण मला वाचनालयातल्या तिच्या बैठकीला घेऊन गेली. घडीच्या खुर्च्या, पंचवीस बायका, डब्यात ब्राउनी. ट्रम्पवर अर्धा तास नुसता संताप ओतून झाल्यावर कुणीतरी विचारलं, "पण काउंटी कमिटीवर जायचं कसं असतं?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी हात वर केला.