प्रेसने दुसरा स्ट्रोक मारला, त्याने हात घातला नव्हता

खानापूरकडच्या त्या पोराची दोन बोटं गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं, पण कागदावर जे लिहिलं गेलं ते काही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनने पत्रा दाबून भाग बनवतात तिथं, मेंटेनन्स फिटर आहे. शॉपचं नाव सांगत नाही.

पोरगं वीस वर्षांचं, काँट्रॅक्टरकडून आलेलं. सकाळी लाल बसने यायचं आणि आठ तासांवर चार तास ओव्हरटाइम करून रात्रीच्या शेवटच्या गाडीने परत. काम बेंडिंगचं, म्हणजे ब्लँक (पत्र्याचा कापलेला तुकडा) हाताने डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, पीस काढायचा, परत ब्लँक. दिवसभर हेच.

बाहेरच्यांना वाटतं पेडल दाबलं की मशीन चालतं आणि सोडलं की थांबतं. आमच्या जुन्या 50 टनी प्रेसचं तसं नसतं. फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, कायम फिरत असतं, पेडल दाबलं की लॅच (अडवून धरणारी खिट्टी) बाजूला होते, क्लचची चावी, म्हणजे लोखंडी खुंटी, फिरून फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि क्रँक एक पूर्ण फेरा मारतो, त्यात रॅम, म्हणजे ठोका मारणारा भाग, एकदा खाली येऊन वर जातो. हा फेरा मध्ये थांबवता येत नाही, देव आला तरी नाही. फेरा संपताना लॅच परत जागेवर यायला पाहिजे म्हणजे ती चावी सोडवते आणि ब्रेक रॅमला वर धरून ठेवतो. लॅचला परत आणायचं काम एका बारक्या स्प्रिंगचं. ती ढिली झाली किंवा तुटली की लॅच वेळेत येत नाही, आणि पाय पेडलवर नसताना प्रेस आपोआप दुसरा स्ट्रोक मारते. आम्ही त्याला रिपीट म्हणतो. म्हणून असल्या प्रेसला गार्ड असा पाहिजे की बोट आत जाऊच शकणार नाही, नाहीतर चिमट्याने फीड करायचं. पोराला ‘लक्ष ठेव’ म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही, रिपीट यायच्या आधी इशारा मिळत नाही.

त्या दिवशी मी शेडच्या पलीकडच्या भागात कंप्रेसरवर होतो. प्रेसचा आवाज कानाला पाठ असतो, ठक्, मग पीस काढायची गॅप, मग ठक्. मध्येच दोन ठोके लागोपाठ आले आणि मी पाना टाकून पळालो, किंकाळी त्यानंतर ऐकली. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट. पोरांनी गाडी काढून त्याला दवाखान्यात नेलं, बोटं चेचली होती त्यामुळे जोडायचा प्रश्नच नव्हता.

गाडी गेटच्या बाहेर पडते न पडते तोच सुपरवायझर आला आणि म्हणाला, “मामा, आधी तेवढा गार्ड बसवून घ्या की.” गार्ड रॅकमागे धूळ खात पडलेला, नवीन डाय आल्यापासून तो बसतच नव्हता आणि बदलून घ्यायला कोणाला वेळ नव्हता. मी हात लावला नाही. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावलं आणि क्लचचं कव्हर उघडलं. स्प्रिंगचे दोन तुकडे. तुटलेलं तोंड बॅटरी लावून बघितलं तर अर्ध्याच्या वर भाग काळा, ग्रीस मुरलेलं, आणि कडेला एवढीशी चकचकीत रेघ. म्हणजे चीर जुनी होती, शेवटचा धागा फक्त त्या दिवशी तुटला. ब्रेकडाऊन रजिस्टरमध्ये माझी नोंद आधीपासून होती, ‘लॅच स्प्रिंग कमजोर, ब्रेक लायनिंग तेलकट, बदलणे’. त्याच्या शेजारी प्रॉडक्शनवाल्याच्या अक्षरात, ‘ऑर्डर झाल्यावर’.

इकडे दवाखान्यात काँट्रॅक्टरच्या माणसाने पोराचा जबाब कन्नडमध्ये लिहून घेतला, मशीन चालू असताना मी घाईने हात घातला, चूक माझी. पोरगं मराठी शाळेत शिकलेलं, कन्नड बोलता येतं पण वाचताना अडखळतं, डाव्या हाताने मराठीत सही केली. त्याला सांगितलं होतं की मशीनचा दोष लिहिलास तर ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, काही मिळणार नाही. हे धादांत खोटं आहे आणि मला राग येतो तो याचाच. ईएसआयमध्ये चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही, कामावर कामामुळे इजा झाली एवढं पुरतं, कामाचा पहिला दिवस असला तरी. चूक कोणाची याने फरक पडतो तो मालकाला, कारण मशीनच्या धोक्याच्या भागाला आडोसा पाहिजे हे 1948च्या फॅक्टरी कायद्यातच लिहिलं होतं. म्हणजे पोराने सही केली ती मालकाला वाचवायला, आणि त्याला वाटलं आपण स्वतःला वाचवतोय.

चौकशीला साहेब आले तेव्हा मी स्प्रिंग आणि रजिस्टर दोन्ही समोर ठेवलं. मॅनेजर नंतर बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. शेवटी रिपोर्टात मशीनचा दोष आला, पण कामगाराचा निष्काळजीपणाही आला, कारण जबाबच तसा होता.

मेडिकल बोर्डाने 20 टक्के अपंगत्व धरलं, एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या तक्त्यात तेवढंच आहे. पेन्शन बसते रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्क्यांवर, त्यातले 20 टक्के, जन्मभर. पोराला हातात रोज 750 पडायचे, पण त्यातले ओव्हरटाइमचे 250 रोख, कागदावर फक्त 500. मग 135 च्या जागी 90 रुपये रोज बसले. 45 रुपयांचा फरक, वीस वर्षांच्या पोराला मरेपर्यंत. ओव्हरटाइम रोख मिळतो म्हणून खूश होणाऱ्या आमच्या पोरांना हा हिशोब कोणी सांगत नाही, युनियनवालेसुद्धा नाहीत.

मागच्या महिन्यात तो भेटला आणि मला विचारतो, “मामा, मीच हात लवकर घातलो काय हो?” तो कागद सगळ्यांनी इतक्या वेळा वाचून दाखवला की त्याला स्वतःलाच तसं वाटायला लागलंय. मी त्याला लॅचचं चित्र काढून परत सगळं समजावलं. किती पटलं माहीत नाही. त्याने ओव्हरटाइमचे तास एका वहीत लिहून ठेवले होते हे मात्र त्या दिवशी कळलं, तारखेसकट. ती वही आणि पगाराच्या फरकाचा अर्ज घेऊन सोमवारी आम्ही दोघं ईएसआयच्या ऑफिसला जाणार आहोत, मी रजा टाकलीय.